दिशादर्शक उपग्रहांवरील अणुघड्याळांचे कार्यमूल्यमापन

दिशादर्शक उपग्रहांवरील अणुघड्याळांचे कार्यमूल्यमापन म्हणजे जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास, बैदू, नाविक यांसारख्या प्रणालींच्या उपग्रहांवर बसवलेली अणुघड्याळे कक्षेत असताना किती स्थिर आणि किती भरवशाची आहेत, हे ठरवण्याची शास्त्रीय प्रक्रिया होय. अवकाशात गेलेले घड्याळ प्रयोगशाळेत परत आणून तपासता येत नाही. त्यामुळे त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओसंकेतांवरूनच त्याची परीक्षा करावी लागते. या परीक्षेत घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवते की नाही, यापेक्षा त्याची चूक आधीच सांगता येते की नाही, या प्रश्नाला अधिक महत्त्व असते.

वेळ आणि अंतर यांचा संबंध

दिशादर्शक उपग्रह आपल्या संकेतासोबत तो संकेत निघाल्याची वेळ पाठवतो. जमिनीवरील ग्राहकयंत्र संकेत पोहोचल्याची वेळ नोंदवते. या दोन वेळांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असल्याने वेळेतील अत्यंत लहान चूकही अंतरात मोठी होऊन उतरते. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग, एवढी चूक सुमारे ३० सेंटिमीटर अंतराइतकी असते. एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक सुमारे ३०० मीटरची ठरते.

मोबाइल फोनमधील ग्राहकयंत्रात साधे क्वार्ट्झ घड्याळ असते आणि ते या मानाने फारच ढोबळ असते. तरीही काम अडत नाही, कारण त्याची चूक सर्व उपग्रहांच्या मापनात सारखीच मिसळलेली असते. स्थानाचे तीन निर्देशांक आणि ग्राहकयंत्राच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी मानून चार उपग्रहांच्या मापनांवरून त्या सोडवता येतात. उपग्रहांच्या घड्याळांना ही सवलत मिळत नाही. प्रत्येक उपग्रहाच्या घड्याळाची चूक वेगळी असते आणि ती ग्राहकयंत्राला स्वतःहून शोधता येत नाही. म्हणून भूनियंत्रण केंद्र प्रत्येक घड्याळाच्या चुकीचे पूर्वानुमान करून ते उपग्रहाकडे पाठवते आणि उपग्रह ते आपल्या संदेशातून सर्वांना कळवतो. या पूर्वानुमानात सामान्यतः तीन संख्या असतात : घड्याळ प्रणालीच्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, ते कोणत्या दराने पुढे किंवा मागे जात आहे आणि हा दर स्वतः किती बदलत आहे. पुढचे पूर्वानुमान येईपर्यंत प्रणालीची सर्व भिस्त घड्याळाच्या नियमित वागण्यावर असते.

घरातील एखादे घड्याळ नेहमीच पाच मिनिटे पुढे असेल, तर घरातील माणसांना त्याचा त्रास होत नाही. ती मनातल्या मनात पाच मिनिटे वजा करतात. कधी दोन मिनिटे पुढे आणि कधी तीन मिनिटे मागे जाणारे घड्याळ मात्र कुचकामी ठरते. उपग्रहावरील घड्याळाच्या मूल्यमापनातही हेच तत्त्व लागू होते.

घड्याळांचे प्रकार

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ या अणूच्या प्रारणावरून केली जाते. या अणूच्या दोन ठरावीक ऊर्जापातळ्यांमधील संक्रमणाशी निगडित प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद होय. उपग्रहांवर मुख्यतः तीन प्रकारची घड्याळे वापरली जातात.

रुबिडियम घड्याळ आकाराने लहान, वजनाने हलके आणि कमी विजेवर चालणारे असते. अल्प कालावधीत ते चांगले स्थिर राहते. परंतु त्याची वारंवारता दिवसेंदिवस एका दिशेने हळूहळू सरकत जाते.

सीझियम घड्याळात असा सरकाव फारच कमी असतो. मात्र अल्प कालावधीत त्याच्या वारंवारतेत अधिक चढउतार होतात. शिवाय त्याच्या नळीतील सीझियमचा साठा संपत जात असल्याने त्याचे आयुष्य मर्यादित असते.

निष्क्रिय हायड्रोजन मेसर हे घड्याळ सुमारे १.४२ अब्ज हर्ट्‌झ वारंवारतेच्या संक्रमणावर चालते. त्याची स्थिरता उत्तम असते आणि सरकावही कमी असतो. पण ते रुबिडियम घड्याळापेक्षा मोठे आणि वजनदार असते.

गॅलिलिओच्या प्रत्येक उपग्रहावर दोन हायड्रोजन मेसर आणि दोन रुबिडियम अशी चार घड्याळे असतात. जीपीएसच्या आधीच्या अनेक उपग्रहांवर रुबिडियम आणि सीझियम अशी दोन्ही प्रकारची घड्याळे होती. जीपीएस-३ मालिकेतील उपग्रहांवर तीन रुबिडियम घड्याळे आहेत. ग्लोनासची परंपरा सीझियम घड्याळांची आहे. बैदूच्या तिसऱ्या पिढीत रुबिडियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर वापरले जातात. भारताच्या नाविक प्रणालीतील पहिल्या पिढीच्या प्रत्येक उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळे बसवण्यात आली.

मूल्यमापनाचे निकष

अचूकता : घड्याळाची प्रत्यक्ष वारंवारता तिच्या ठरवलेल्या मूल्यापासून किती दूर आहे, हे अचूकता सांगते. हा फरक कायम राहणारा असेल, तर तो गणिताने दुरुस्त करता येतो.

सरकाव : वारंवारता कालानुसार एका दिशेने किती बदलत जाते, हे सरकाव सांगतो. समजा, एखाद्या घड्याळाची वारंवारता दररोज दहा लाख कोटींत एक भाग इतकी बदलते आणि हा बदल पूर्वानुमानात धरलेलाच नाही. पहिल्या दिवसाअखेर वेळेची चूक सुमारे ४.३ नॅनोसेकंद, म्हणजे १.३ मीटर होईल. सरकावामुळे होणारी चूक कालावधीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दहा दिवसांनंतर ती शंभरपट, म्हणजे सुमारे १३० मीटर झालेली असेल.

स्थिरता : सरकाव वगळल्यावर वारंवारतेत जे यादृच्छिक चढउतार शिल्लक राहतात, त्यांचे मोजमाप म्हणजे स्थिरता. या चढउतारांचे पूर्वानुमान करता येत नाही. म्हणून घड्याळाची खरी मर्यादा तेच ठरवतात.

पूर्वानुमेयता : आजवरच्या नोंदींवरून घड्याळाची पुढील काही तासांची वेळ वर्तवायची आणि नंतर ती प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहायची, अशी ही कसोटी आहे. वापरकर्त्याच्या दृष्टीने सर्वांत थेट निकष हाच होय.

अखंडता : वेळेत किंवा वारंवारतेत अचानक उडी येणे, संकेत खंडित होणे किंवा राखीव घड्याळावर जावे लागणे अशा घटना किती वेळा घडतात, याचीही नोंद ठेवली जाते. सरासरीने उत्तम असलेले घड्याळ वारंवार उडी घेत असेल, तर ते विश्वासार्ह मानले जात नाही.

स्थिरतेचे मापन : ॲलन प्रचरण

एखाद्या राशीतील चढउतार मोजण्यासाठी संख्याशास्त्रात प्रमाण विचलन वापरतात. घड्याळांच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. घड्याळाच्या वारंवारतेतील काही चढउतार अतिशय मंद असतात. त्यामुळे निरीक्षणाचा काळ जितका वाढवावा तितके प्रमाण विचलन वाढतच जाते आणि निश्चित उत्तर मिळत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये यावर उपाय मांडला. या पद्धतीत एकूण काळाचे समान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यातील सरासरी वारंवारता काढतात आणि लगतच्या दोन तुकड्यांमधील फरकांच्या वर्गांची सरासरी घेऊन तिची निमपट करतात. या राशीला ॲलन प्रचरण आणि तिच्या वर्गमुळाला ॲलन विचलन म्हणतात.

तुकड्याची लांबी एक सेकंद, शंभर सेकंद, एक तास, एक दिवस अशी बदलत नेऊन ॲलन विचलनाचा आलेख काढला, की घड्याळाचा स्वभाव त्यात दिसून येतो. दोन्ही अक्ष घातांकी प्रमाणात घेतल्यास आलेख सुरुवातीला उतरतो. या भागात अल्पकालीन चढउतार सरासरीत विरून जात असतात. पुढे तो जवळजवळ सपाट होतो. तेथे सरासरीचा काळ वाढवूनही फायदा होत नाही. त्यानंतर तो वर चढू लागला, तर दीर्घकालीन भटकंती किंवा सरकाव वरचढ झाला असे समजतात. रुबिडियम घड्याळाचा सरकाव या आलेखाच्या उजव्या टोकाला ठळकपणे दिसतो.

सरकाव आणि यादृच्छिक चढउतार वेगळे काढण्यासाठी हॅडमार्ड प्रचरण ही सुधारित राशी वापरतात. तिच्यात दोनऐवजी लगतच्या तीन तुकड्यांची तुलना होते आणि एकसमान दराने होणारा सरकाव आपोआप रद्द होतो. जीपीएसच्या भूनियंत्रण व्यवस्थेत रुबिडियम घड्याळांसाठी या राशीचा उपयोग केला गेला आहे.

एका दिवसाच्या कालावधीसाठी एखाद्या घड्याळाचे विचलन एक लाख अब्जांत एक भाग इतके असेल, तर ८६,४०० सेकंदांच्या त्या दिवसात वेळेची अनिश्चितता सुमारे ०.८६ नॅनोसेकंद, म्हणजे अंतरात सुमारे २६ सेंटिमीटर होते. आजची उत्तम रुबिडियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर साधारण या पातळीवर काम करतात.

मापनाची पद्धत

जमिनीवरील स्थानकाला उपग्रहाचे घड्याळ थेट दिसत नाही. त्याला मिळालेल्या मापनात उपग्रहाचे अंतर, उपग्रहाच्या घड्याळाची चूक, स्थानकाच्या घड्याळाची चूक, आयनांबर व तपांबर यांतून जाताना संकेताला झालेला विलंब आणि यंत्रांमधील विलंब असे अनेक घटक एकत्र मिसळलेले असतात. त्यांतून घड्याळाचा वाटा वेगळा काढणे हेच मूल्यमापनाचे सर्वांत अवघड अंग आहे.

आयनांबरातील विलंब संकेताच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. म्हणून दोन वारंवारतांवरील मापने एकत्र करून त्याचा बहुतेक भाग काढून टाकता येतो. तपांबरातील विलंबासाठी वातावरणाची प्रतिमाने वापरतात. स्थानकाच्या घड्याळाची चूक कमी करण्यासाठी निवडक स्थानकांवर हायड्रोजन मेसर ठेवलेले असतात आणि अनेक घड्याळांच्या भारित सरासरीतून संदर्भवेळ तयार केली जाते. संदर्भ परीक्षणाखालील घड्याळापेक्षा अधिक स्थिर नसेल, तर दोष कोणत्या घड्याळाचा हे सांगता येत नाही.

कक्षा आणि घड्याळ यांची फारकत करणे सर्वांत कठीण असते. उपग्रह प्रत्यक्षात एक मीटर दूर असला काय किंवा त्याचे घड्याळ सुमारे ३.३ नॅनोसेकंद चुकीचे असले काय, खालच्या स्थानकाला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पृथ्वीभर पसरलेली अनेक स्थानके एकाच वेळी निरनिराळ्या कोनांतून निरीक्षण करत असली आणि उपग्रह आकाशात वेगाने सरकत असला, तर ही फारकत सोपी जाते. नाविकचे उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी जुळणाऱ्या कक्षांत असल्याने ते भारताच्या आकाशात फारसे हलत नाहीत आणि निरीक्षणाचे कोन हळूहळू बदलतात. म्हणून जमिनीवरून संकेत पाठवून तो उपग्रहाकडून परत घेण्याची दुतर्फी अंतरमापन पद्धत येथे विशेष उपयोगी पडते. तिच्यात उपग्रहाच्या घड्याळाचा संबंध येत नाही. नाविकच्या उपग्रहांवर लेसर किरण परत फिरवणारे परावर्तकही आहेत. लेसरने मोजलेले अंतर घड्याळापासून स्वतंत्र असल्याने कक्षेची पडताळणी करता येते.

१९९४ पासून कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा जगभरातील स्थानकांच्या नोंदी एकत्र करून उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळे यांची अचूक मूल्ये प्रसिद्ध करते. या सेवेच्या माहितीनुसार जीपीएसच्या प्रसारित संदेशातील घड्याळमूल्यांची चूक सुमारे ५ नॅनोसेकंद असते, तर मागाहून काढलेल्या अंतिम मूल्यांची चूक सुमारे ०.०७५ नॅनोसेकंद असते. पूर्वानुमान आणि मागाहून मिळालेले ज्ञान यांतील अंतर या दोन आकड्यांवरून लक्षात येते.

सापेक्षता आणि तापमान

आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या उंचीवर घड्याळ वेगाने चालते आणि गतिमान घड्याळ संथ चालते. जीपीएसच्या सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर पहिल्या परिणामामुळे घड्याळ दररोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि दुसऱ्यामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. निव्वळ फरक दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे अंतरात ११ किलोमीटरहून अधिक होतो. नाविकच्या सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर हाच फरक सुमारे ४६ ते ४७ मायक्रोसेकंद असतो. जीपीएसची घड्याळे म्हणूनच १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी किंचित कमी, म्हणजे १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेला लावून पाठवतात. कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्याने आवर्ती स्वरूपाचा आणखी एक परिणाम उरतो. त्याची दुरुस्ती ग्राहकयंत्र करते. ही दुरुस्ती न करता मूल्यमापन केल्यास निसर्गनियमाचा परिणाम घड्याळाच्या दोषात जमा होईल.

तापमानाचा परिणाम इतका स्वच्छ नसतो. सूर्याच्या सापेक्ष उपग्रहाची बाजू बदलते आणि वर्षातील काही काळ तो पृथ्वीच्या छायेतून जातो. त्यामुळे घड्याळ व संकेतप्रक्षेपक यांचे तापमान बदलते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांत सुमारे १२, ६, ४ आणि ३ तासांच्या आवर्ती लहरी आढळल्या. १२ तास हा जीपीएस उपग्रहाच्या प्रदक्षिणेचा काळ आहे. अशा लहरी घड्याळाच्या असतात, प्रक्षेपकाच्या असतात की कक्षेच्या गणितातील त्रुटीमुळे दिसतात, हे ठरवणे सोपे नसते. म्हणून जमिनीवरून मोजले जाते त्याला काटेकोरपणे ‘दृश्य घड्याळ’ म्हणणे योग्य ठरते.

महत्त्वाची उदाहरणे

एनटीएस-२ (१९७७) : २३ जून १९७७ रोजी सोडलेल्या या अमेरिकन उपग्रहावर प्रथमच सीझियम घड्याळे अवकाशात गेली. सापेक्षतेची दुरुस्ती चालू-बंद करण्याची सोय त्यावर होती. सुरुवातीचे सुमारे २० दिवस ती बंद ठेवण्यात आली. या काळात घड्याळ जमिनीवरील घड्याळांपेक्षा एक लाख कोटी भागांत ४४२.५ भाग वेगाने चालल्याचे आढळले. सिद्धांताचे भाकीत ४४६.५ भागांचे होते.

जीपीएस (२००४) : १ जानेवारी २००४ रोजी एसव्हीएन-२३ या उपग्रहाच्या घड्याळात बिघाड झाला. उपग्रह सदोष असल्याची खूण त्याच्या संदेशात येईपर्यंत अडीच तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर त्याच्यावरून काढलेली अंतरे चुकत राहिली. बिघाड तत्काळ ओळखणारी देखरेख मूल्यमापनाचाच भाग का मानावी, हे या घटनेने दाखवले.

गॅलिलिओ (२००८ ते २०१८) : २७ एप्रिल २००८ रोजी सोडलेल्या जिओव्ह-बी या चाचणी उपग्रहावरून दिशादर्शनासाठी निष्क्रिय हायड्रोजन मेसर प्रथम अवकाशात गेला. जानेवारी २०१७ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केले, की कक्षेतील १८ उपग्रहांवरील ७२ घड्याळांपैकी ९ बंद पडली आहेत. त्यांत ३ रुबिडियम आणि ६ हायड्रोजन मेसर होती. काही मेसर दीर्घकाळ बंद ठेवल्यानंतर पुन्हा सुरू होत नसल्याचे दिसून आले. त्यामुळे राखीव घड्याळे कशी सांभाळावीत, हाही अभ्यासाचा विषय झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये चुकीच्या, लंबवर्तुळाकार कक्षेत गेलेल्या दोन गॅलिलिओ उपग्रहांचा मात्र विज्ञानाला अनपेक्षित लाभ झाला. त्यांची उंची दिवसातून दोनदा सुमारे ८,५०० किलोमीटरने कमीजास्त होते. त्यांच्या मेसरांच्या नोंदींवरून गुरुत्वाकर्षणाच्या परिणामाची पडताळणी करून फ्रेंच आणि जर्मन संशोधकांच्या दोन गटांनी २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका गटाचा निष्कर्ष १९७६ च्या ग्रॅव्हिटी प्रोब-ए प्रयोगापेक्षा पाच पटींहून अधिक काटेकोर होता.

नाविक : १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे २०१६ मध्ये निकामी झाली. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला आयआरएनएसएस-१एच उपग्रह उष्णतारोधक कवच विलग न झाल्याने वाया गेला. अखेर १२ एप्रिल २०१८ रोजी आयआरएनएसएस-१आय कक्षेत पोहोचला. घड्याळे बंद पडलेल्या उपग्रहाचे सौरपंख, प्रक्षेपक आणि इंधन शाबूत असले, तरी स्थाननिश्चितीसाठी त्याचा उपयोग होत नाही; तो फार तर संदेश प्रसारित करू शकतो. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने विकसित केलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहातून प्रथमच अवकाशात गेले. जुलै २०२५ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार प्रणालीच्या ११ उपग्रहांपैकी ४ स्थाननिश्चितीची सेवा देत होते, ४ केवळ एकतर्फी संदेश प्रसारणासाठी वापरात होते, १ निवृत्त झाला होता आणि २ अपेक्षित कक्षेत पोहोचले नव्हते. स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. त्यामुळे अशा स्थितीत आणखी एका उपग्रहाचे घड्याळ बंद पडल्यास केवळ या प्रणालीवर स्वतंत्रपणे स्थान काढणे शक्य राहत नाही.

मूल्यमापनाचा उपयोग

मूल्यमापनातून मिळालेल्या आकड्यांवर अनेक व्यावहारिक निर्णय अवलंबून असतात. उपग्रहाला नवे पूर्वानुमान किती तासांनी पाठवायचे, हे घड्याळाच्या स्थिरतेवरून ठरते. पूर्वानुमानासाठी वापरल्या जाणाऱ्या कालमन फिल्टर या गणिती पद्धतीत प्रत्येक घड्याळाच्या चढउतारांचे प्रमाण आधी सांगावे लागते. ते चुकले तर पूर्वानुमानही बिघडते. प्रणालीची सामाईक वेळ ठरवताना स्थिर घड्याळाला अधिक आणि अस्थिर घड्याळाला कमी भार दिला जातो. उपग्रहावरील घड्याळांपैकी कोणते चालू ठेवायचे आणि एखाद्याची लक्षणे बिघडू लागताच राखीव घड्याळावर केव्हा जायचे, हेही या नोंदींवरून ठरवले जाते. घड्याळ बंद पडण्यापूर्वी कधी कधी त्याच्या दिव्याची तीव्रता, विद्युतप्रवाह किंवा तापमान यांत बदल दिसू लागतात. म्हणून दूरमापनाने येणारी ही माहिती वेळेच्या नोंदींसोबत अभ्यासली जाते. पुढील पिढीच्या घड्याळांच्या रचनेत कोणते बदल करावेत, याची दिशाही कक्षेतील घड्याळांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच मिळते.